वहीत उतरवून घेतलेल्या कविता: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कवयित्री, चित्रकार आणि त्यांच्या मैत्रिणी

रानजाई | शनिवार, रात्री १०:१२

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमधलं मॉर्व्हन हे जुनं घर पाहून आले. रिचर्ड स्टॉक्टनने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, त्यामुळे घर त्याच्या नावाने ओळखलं जातं. माझं लक्ष मात्र त्याच्या बायकोकडे लागून राहिलं. अ‍ॅनिस बूडिनॉट स्टॉक्टन (१७३६–१८०१). शंभराहून जास्त कविता लिहिलेली बाई. जॉर्ज वॉशिंग्टनला कविता पाठवायची आणि तो तिला पत्राने उत्तर द्यायचा. अकरा वर्षं मी याच राज्यात राहते आणि मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

घरी येऊन वाचायला बसले, तर एकीचा हात धरून दुसरी अशा पाच-सहाजणी भेटल्या. फिलाडेल्फियाची एलिझाबेथ ग्रेम, लग्नानंतर फर्ग्युसन. हिच्या घरी मंडळी जमायची, एकमेकांच्या कविता वाचायची. दुसरी हॅना ग्रिफिट्स, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, लग्न न केलेली, 'फिडेलिया' या नावाने लिहिणारी. १७६८ साली इंग्रजांच्या करांविरुद्ध तिने बायकांसाठी कविता लिहिली. त्यात ती म्हणते की पुरुषांच्या तोंडात साखरेची गोळी घालून त्यांना गप्प बसवलंय, ते झोपलेत, तेव्हा आपणच उठू या. चहा सोडू, पण स्वातंत्र्य सोडणार नाही. तिसरी सस्क्वेहॅना नदीकाठची सुझॅना राइट. रेशमाचे किडे पाळायची, शेजाऱ्यांची मृत्युपत्रं लिहून द्यायची, बेंजामिन फ्रँकलिनशी तिचा पत्रव्यवहार होता.

यातल्या बहुतेकींनी स्वतःचं पुस्तक काढलं नाही. कविता लिहायची, मैत्रिणीला पाठवायची, तिने उतरवून घ्यायची आणि पुढे धाडायची. मिल्का मार्था मूर (१७४०–१८२९) हिने क्रांतीच्या काळात अशी एक अख्खी वही भरली. त्यात हॅना आणि सुझॅनाच्या कविता आहेत, एलिझाबेथच्या इंग्लंड प्रवासाच्या रोजनिशीतले उतारे आहेत. ती वही छापून आली १९९७ साली! सुझॅनाच्या कितीतरी कविता केवळ या वहीमुळे शिल्लक राहिल्या.

मिल्काला 'नकलून घेणारी' म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही. कुठली कविता घ्यायची, कुठल्या कवितेशेजारी कुठली ठेवायची, हे तिने ठरवलं. माझ्या मते ती वही या सगळ्याजणींनी मिळून केलेलं काम आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि त्या काळात कवयित्री आणि चित्रकार यांनी मिळून काही केल्याची उदाहरणं कुणाला माहीत असतील तर जरूर लिहा.

पोफळी | शनिवार, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. सावकाश वाचून लिहिते. साखरेच्या गोळीवर मात्र आत्ताच जीव जडला.

शाईदौत | रविवार, सकाळी ७:५५

चांगला धागा. पण 'मिळून केलेलं काम' हे मला ओढूनताणून वाटतंय. मी पंचवीस वर्षं मुद्रितशोधन केलं. दुसऱ्याचा मजकूर अक्षर न् अक्षर तपासला, कधी सुधारला, क्रमसुद्धा लावून दिला. म्हणून मी त्या पुस्तकांचा सहलेखक झालो नाही, व्हायची इच्छाही नव्हती. जपणं हे मोठं काम आहे, निर्मिती हे वेगळं काम आहे. दोन्हींचा मान ठेवू, पण दोन्हींना एकच नाव देऊ नये.

दुसरं असं की या वर्तुळातल्या बायकांना लिहायला फुरसत कुठून मिळाली, तेही विचारायला हवं. मॉर्व्हनमध्ये गुलाम राबत होते.

रानजाई | रविवार, सकाळी ९:२०

काका, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. मॉर्व्हनच्या संग्रहालयात आता त्याबद्दल स्पष्ट सांगतात. अ‍ॅनिसची कविता वाचताना तिचा स्वयंपाक कोण करत होतं, हा प्रश्न मनातून हलत नाही आणि हलू नयेच. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यांना पंथात ठेवायचं नाही असा नियम केला. म्हणजे तोवर त्यांच्यातही बाळगणारे होते.

पहिल्या मुद्द्यावर भांडते. मिल्का एवढ्यावर थांबली नाही. १७८७ साली तिने गद्य-पद्य वेच्यांचं पुस्तक मुलांसाठी छापलं आणि त्याच्या उत्पन्नातून गरीब मुलींची शाळा चालवली. निवड हीच तिची लेखणी होती असं मी म्हणेन.

आणि हॅनाला स्वतःला छापलं जायला नकोच होतं. तुमच्या मुद्रितशोधनाच्या शेवटाला छापखाना होता. इथे वाचकापर्यंत पोचायला मैत्रिणीच्या हाताशिवाय वाटच नव्हती. उतरवून घेणारा हात काढला तर काय उरतं?

गोदातीर | रविवार, दुपारी १:०५

चित्रकाराचं विचारलंत म्हणून फिलिस व्हीटली. १७६१ साली सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेतून पकडून बॉस्टनला आणली. ज्या जहाजातून आणली त्या जहाजाचं नाव 'फिलिस', तेच पोरीला दिलं. विकत घेणाऱ्याचं आडनाव व्हीटली, तेही चिकटवलं. म्हणजे नावातलं एक अक्षरसुद्धा तिचं नाही. १७७३ साली लंडनमध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. या कविता तिनेच लिहिल्यात, अशी ग्वाही बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी सही करून दिली, ती पुस्तकात छापली आहे.

त्या संग्रहात एका तरुण आफ्रिकी चित्रकाराला उद्देशून कविता आहे. शीर्षकात फक्त आद्याक्षरं, 'एस. एम.'. पुस्तकाच्या एका जुन्या प्रतीत कुणीतरी समासात हाताने लिहून ठेवलंय की हा सिपियो मूरहेड, रेव्हरंड मूरहेड यांचा नोकर. नोकर म्हणजे गुलामच. त्या काळात एका गुलाम कवयित्रीने एका गुलाम चित्रकाराची चित्रं पाहून त्याला कलावंत म्हणून हाक मारावी, हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. पुस्तकाच्या सुरुवातीचं फिलिसचं चित्रही त्यानेच काढलं असं बरेच लोक मानतात.

शाईदौत | रविवार, दुपारी १:४०

मानतात, पण पुरावा नाही. चित्रावर चित्रकाराचं नाव नाही.

तांबटआळी | रविवार, दुपारी ४:१५

मी मुद्राचित्रं करते, म्हणून त्या चित्राबद्दल थोडं. ते तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम आहे. मूळ रेखाटन कुणाचंही असो, पत्रा कोरणारा वेगळा असू शकतो. जरूर मोठं करून बघा. पांढरी टोपी, गडद झगा, समोर लहानसं टेबल. टेबलावर दौत आणि एक पुस्तक. उजव्या हातात पीस, डावा हात गालाशी, नजर वर. पुढचा शब्द शोधतेय अशी. आणि चित्राभोवतीच्या लंबगोल चौकटीत गोल फिरवून लिहिलंय की ही बॉस्टनच्या जॉन व्हीटलींची 'नीग्रो नोकर'.

पत्रा कोरताना अक्षरं उलटी कोरावी लागतात, आरशात दिसावीत तशी, म्हणजे छापल्यावर सुलटी येतात. कोरणाऱ्याने तिच्या मालकाचं नाव एकेक अक्षर उलटं करत त्या चौकटीत बसवलं असणार. हे मनात आल्यापासून ते चित्र मला पहिल्यासारखं बघताच येत नाही.

पोफळी | रविवार, संध्याकाळी ६:३०

तांबटआळी, तुमचा प्रतिसाद वाचून चित्र शोधलं. बराच वेळ बघत बसले. पुस्तकात तिचं चित्र घालायचं कुणाच्या मनात आलं?

गोदातीर | रविवार, संध्याकाळी ७:१०

हंटिंग्डनची काउंटेस, इंग्लंडमधली धर्मपरायण श्रीमंत बाई. पुस्तक तिलाच अर्पण केलंय आणि कवयित्रीचं चित्र हवं हा आग्रहही तिचाच.

पण मला फिलिसची खरी साथीदार वाटते ती ओबूर टॅनर. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची, तीही गुलाम. फिलिसने तिला लिहिलेली सात पत्रं आज उपलब्ध आहेत, कारण ओबूरने ती म्हातारपणापर्यंत सांभाळली. फिलिसच्या पुस्तकाच्या प्रती तिकडे खपवायलाही ओबूरनेच मदत केली. १७७९ साली फिलिसने दुसऱ्या संग्रहाची जाहिरात दिली, पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. १७८४ मध्ये ती गेली आणि ते हस्तलिखित कुठे गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. सगळंच ओबूरकडे ठेवायला दिलं असतं तर, असं वाटून जातं.

रानजाई | रविवार, रात्री ९:००

ओबूरबद्दल पहिल्यांदाच कळलं. गोदातीर, तुमचे किती आभार मानू!

शाईदौत काका, आता सांगा. ओबूर कवी नव्हती, चित्रकार नव्हती. तरी तिला या पुस्तकाच्या बाहेर ठेवता येईल?

शाईदौत | रविवार, रात्री ९:२५

नाही ठेवता येणार. विचार करतो.

मुक्काम_बॉस्टन | सोमवार, पहाटे ५:५०

जरा पुढच्या काळात येतो. बॉस्टनमध्ये वेस्ट स्ट्रीट नावाची आखूड गल्ली आहे. १८४० साली एलिझाबेथ पीबडीने तिथे १३ नंबरात परदेशी पुस्तकांचं दुकान आणि वाचनालय काढलं. दुकान खाली, घरची माणसं तिथेच राहायची. मार्गारेट फुलर या लेखिकेने १८३९ च्या नोव्हेंबरात बायकांसाठी 'संभाषणं' सुरू केली होती, ती पुढे या दुकानात भरू लागली. दर बुधवारी वीस-पंचवीस बायका यायच्या. विषय ग्रीक पुराणकथा, ललितकला असे. फुलरचं म्हणणं असं की बायकांना शिकवतात भरपूर, पण शिकलेलं वापरायची, चारचौघात बोलून दाखवायची वेळच येऊ देत नाहीत. म्हणून तिच्याकडे प्रत्येकीने बोलायचं.

त्या खोलीत बसणाऱ्यांमध्ये एलन स्टर्जिस हूपर आणि तिची बहीण कॅरोलाइन, दोघी कवयित्री. फुलर 'डायल' त्रैमासिकाची संपादक झाल्यावर तिने दोघींच्या कविता छापल्या. जुलै १८४० च्या पहिल्याच अंकात एलनची कविता आहे, 'झोपेत पाहिलं तेव्हा जगणं म्हणजे सौंदर्य होतं, जाग आली तर जगणं म्हणजे कर्तव्य' अशा अर्थाची. खाली नाव नाही.

अवनी_के | सोमवार, सकाळी ८:१०

थांबा, थांबा! याच्याशी मिळतंजुळतं वाक्य आपल्याकडे रवींद्रनाथांच्या नावाने फिरतं. आमच्या शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून होतं, मी स्वतः खडूने लिहिलंय. एलनबाईंचं नाव आज, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

मुक्काम_बॉस्टन | सोमवार, सकाळी ८:३०

अहो, नाव न घालता छापलं की असंच होतं. एलन १८४८ साली क्षयाने गेली. तिची धाकटी मुलगी क्लोव्हर तेव्हा पाच वर्षांची होती. ती पुढे उत्तम छायाचित्रकार झाली.

पीबडींच्या घरात सोफियाही होती, एलिझाबेथची धाकटी बहीण, चित्रकार. डोकेदुखीने आयुष्यभर बेजार. बरं वाटावं म्हणून तिला क्यूबाला पाठवली होती. तिथून तिने लिहिलेली पत्रं घरच्यांनी एकत्र बांधली आणि ओळखीपाळखीत वाचायला फिरवली. रानजाई, तुमच्या मिल्काच्या वहीसारखंच झालं की हे! कथाकार नॅथॅनिएल हॉथॉर्नची एक कथा १८३९ साली वेगळी पुस्तिका म्हणून निघाली, त्यात सोफियाचं चित्र आहे. १८४२ मध्ये दोघांचं लग्न त्याच वेस्ट स्ट्रीटवरच्या घरात लागलं.

तांबटआळी | सोमवार, दुपारी १२:२०

सोफियाचं नाव निघालं म्हणून शाईदौत काकांना माझ्या बाजूने उत्तर देते.

सोफिया नावाजली ती प्रतिकृतींसाठी. वॉशिंग्टन ऑल्स्टनसारख्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या तिने केलेल्या नकला विकल्या जायच्या. आम्हालाही कलाशाळेत पहिल्या वर्षी नकलाच करायला लावल्या होत्या. तेव्हा राग यायचा. पण दुसऱ्याच्या चित्राची नकल करताना त्याचा हात कुठे थांबला, कुठे घाबरला, कुठे रंग पुसून परत लावला हे जेवढं कळतं तेवढं नुसतं बघून वर्षभरात कळत नाही. हाताने उतरवून घेणारी व्यक्ती त्या कामाच्या आत जाऊन येते. मिल्काने सुझॅनाची कविता ओळीओळीने लिहून काढली असेल तेव्हा तिला ती आपल्यापेक्षा जास्त कळली असणार. याला सहनिर्मिती म्हणा किंवा न म्हणा, पण बाहेरच्या माणसाचं काम म्हणू नका.

आता मूळ प्रश्न, कवयित्री आणि चित्रकार मिळून. सारा क्लार्क! ऑल्स्टनची विद्यार्थिनी. १८४३ च्या उन्हाळ्यात ती आणि मार्गारेट फुलर प्रवासाला निघाल्या. नायगारा, मग पंचमहासरोवरं, शिकागो, इलिनॉयची गवताळ माळरानं. फुलरने त्यावर लिहिलेलं पुस्तक १८४४ मध्ये आलं. त्यात गद्य आहे, तिच्या कविता आहेत, बोटीवरचा एक संवाद तर नाटकासारखा छापलाय आणि पात्रांना नुसती अक्षरं आहेत: एम., एस., जे. एम. म्हणजे मार्गारेट, एस. म्हणजे सारा आणि जे. म्हणजे साराचा भाऊ जेम्स. या पुस्तकासाठी साराने केलेली निसर्गचित्रं एचिंगची आहेत.

एचिंग म्हणजे पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा मारायच्या, मग पत्रा आम्लात सोडायचा. सुईने जिथे मेण निघालं तिथेच आम्ल चावतं. वेळ चुकली की बारीक रेघा जाड होतात, आकाश काळं पडतं. माझी कितीतरी आकाशं अशी गेली. माळरान काढायचं तर जवळजवळ सगळा कागद आकाशच. म्हणून साराबद्दल मला फार आदर वाटतो.

पोफळी | सोमवार, दुपारी १:००

"आम्ल चावतं" हा शब्द तुमच्याकडे खरंच वापरतात का? किती छान.

तांबटआळी | सोमवार, दुपारी १:०८

हो, खरंच म्हणतो. 'अजून दोन मिनिटं चावू दे' असं सर म्हणायचे.

विनायकराव | सोमवार, दुपारी ३:३०

त्या पुस्तकाच्या अभ्यासासाठी फुलरबाईंना हार्वर्डच्या ग्रंथालयात बसू दिलं. तोवर तिथे एकाही बाईला प्रवेश मिळाला नव्हता. चित्रं एकीची, मजकूर दुसरीचा आणि वाचायला बसायची जागा मात्र पुरुषांकडून मागून घ्यायची.

अवनी_के | सोमवार, रात्री ८:४५

दिवसभर या धाग्यात अडकले होते, त्यात एक नाव सापडलं आणि हातातलं काम सुटलं.

१८४१ च्या वसंतात फुलरने संभाषणांची एक मालिका स्त्री-पुरुष दोघांसाठी घेतली. विचारवंत इमर्सनसुद्धा यायचे. त्यात अठरा वर्षांची एक मुलगी बसायची आणि कोण काय बोललं ते टिपून ठेवायची. तिचं नाव कॅरोलाइन हीली. त्या टिपणांचं पुस्तक तिने काढलं १८९५ साली, म्हणजे चोपन्न वर्षांनी! संभाषणांत फुलर बोलायची, ते लिहून फारसं ठेवायची नाही. १८५० साली ती नवरा आणि बाळासकट जहाज फुटून बुडाली, रोमच्या क्रांतीवर लिहिलेलं तिचं हस्तलिखितही गेलं. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते आपल्याला या मुलीच्या वहीतून कळतं.

तर ही मुलगी लग्नानंतर कॅरोलाइन डॉल झाली. नवरा १८५५ मध्ये धर्मप्रचारक म्हणून कलकत्त्याला गेला. आणि या कॅरोलाइन डॉलने १८८८ साली बॉस्टनमध्ये कुणाचं चरित्र छापलं असेल?

आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचं.

आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. पुढच्याच वर्षी हे इंग्रजी चरित्र आलं. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं मराठी चरित्र त्यानंतरचं. मी काशीबाईंचं वाचलंय, डॉलबाईंचं नाव मला तळटीपेतलं एक परकं नाव वाटायचं. ती फुलरसमोर बसून टिपणं घेणारी मुलगी होती, हे आज जोडलं गेलं.

रानजाई | सोमवार, रात्री ९:१५

अवनी, मला खरंच रडू आलं.

विनायकराव | सोमवार, रात्री ९:५०

फारच मोलाची जोड. त्यात भर म्हणून, पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर होत्या आणि विधवांच्या शाळेसाठी रमाबाईंच्या नावाची अमेरिकन मंडळी स्थापन झाली ती डिसेंबर १८८७ मध्ये, बॉस्टनलाच.

अवांतर झालं असल्यास क्षमस्व.

शाईदौत | मंगळवार, सकाळी ७:३०

विनायकराव, अवांतर कसलं? हा सरळ रानजाईंच्या प्रश्नाकडेच येणारा रस्ता आहे.

रात्री विचार केला. निर्मिती आणि जपणं वेगळं, हे मी अजूनही म्हणतो. एलन हूपरची ओळ एलनचीच, तिच्याखाली तिचंच नाव हवं. सगळं 'मिळून केलं' म्हटलं की नाव पुन्हा गळतं, आणि बायकांचं नाव आधीच पुष्कळ गळलंय. माझ्या आक्षेपामागे हे आहे, ते पहिल्या प्रतिसादात नीट मांडलं नव्हतं.

पण ओबूर, मिल्का आणि अठरा वर्षांची कॅरोलाइन यांना मी कालपर्यंत मुद्रितशोधकाच्या खुर्चीत बसवत होतो, ते चुकलं. माझ्यासमोर येणारा मजकूर मी नसतो तरी छापला गेला असता.

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, नावाचा मुद्दा मी लिहून घेतला. मिल्कानेही वहीत कविता कुणाची आहे ते नोंदवलंय, बऱ्याचदा टोपणनावाने का होईना. म्हणजे तुमचं आणि माझं दोन्ही तिने सांभाळलं होतं!

मीही थोडी बदलते. अ‍ॅनिस आणि एलिझाबेथ ग्रेम एकमेकींना कवितेतून उत्तरं द्यायच्या, ते सरळसरळ मिळून केलेलं. मार्गारेट आणि साराचं पुस्तकही तसंच. मिल्काच्या कामाला वेगळा शब्द हवा. 'उतारेकरीण'? 'वहीकरीण'? सुचवा.

पोफळी | मंगळवार, सकाळी ८:२०

'राखणदारीण'. आमच्या बागेत सुपारीच्या हंगामात असायची. आपलं झाड नाही, पण एक सुपारी इकडची तिकडे होऊ द्यायची नाही.

तांबटआळी | मंगळवार, सकाळी ९:००

पोफळी, शब्द आवडला.

मुक्काम_बॉस्टन, पुढच्या महिन्यात मी तिकडे मुलाकडे येतेय. वेस्ट स्ट्रीटवर आता काय आहे?

मुक्काम_बॉस्टन | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

जरूर या. त्याच गल्लीत जुन्या पुस्तकांचं एक मोठं दुकान आहे. शेजारच्या मोकळ्या जागेत भिंतीला लावून कपाटं आहेत, उन्हात पुस्तकं मांडलेली असतात, उभ्या उभ्या चाळता येतात. पीबडीबाईंचं घर तिथून चार पावलांवर. बुधवारी भेटलो असतो तर शोभलं असतं, पण बुधवारी मला कार्यालय. शनिवारी अकराला कपाटांपाशी?

तांबटआळी | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

शनिवारी अकरा. साराच्या माळरानाची मी केलेली नकल घेऊन येते. आकाश या वेळी काळं पडलेलं नाही.

अवनी_के | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

कोण काय बोललं ते कुणीतरी टिपून ठेवा, आणि इथे टाका.